पालाश

पाकीट उलटं करून आप्पांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मागचा बारीक मजकूर वाचायला घेतला. खताची गोणी असो, औषधाची बाटली असो की बिस्किटाचा पुडा, वाचल्याशिवाय वस्तू घरात ठेवायची नाही ही त्यांची जुनी सवय. "पोटॅशियम क्लोराईड," ते मोठ्यानं म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "हे तं आपलं पोटॅशच आहे ना, माय? बागेत टाकतो ते?"

खरंच तेच होतं. रावेर तालुक्यातल्या आमच्या केळीच्या बागेत त्यांनी चाळीस वर्षं म्युरेट ऑफ पोटॅश टाकलं. तेच रसायन, खाण्याजोगं शुद्ध करून, त्या कमी सोडियमच्या मिठात मिसळलेलं होतं. आईचा रक्तदाब गोळी चालू असूनही खाली येत नव्हता, म्हणून मी ते पुण्याहून मुद्दाम नेलं होतं. "हो आप्पा, पण हे खायचं आहे," एवढंच मी म्हटलं. त्यांनी पाकीट आईकडे दिलं. आईनं ते ओट्यावरच्या मिठाच्या बरणीत ओतलं.

आप्पांना पंचवीस वर्षांचा मधुमेह. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकल्याची रक्तातली खूण, २.४ वर गेल्याला तीन वर्षं झाली होती. थकलेल्या मूत्रपिंडांना केळ्यातलं पोटॅशियम बाहेर टाकणं जमत नाही, म्हणून तेव्हापासून डॉक्टरांनी त्यांचं केळं बंद केलं होतं. केळी पिकवणाऱ्या माणसानं केळं सोडायचं म्हणजे काय, ते आमच्या भागात राहिल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी बागेत फेरी मारताना झाडावर पिकलेलं एखादं केळं तोडून खाणं हा त्यांचा नाश्ता होता. त्यांनी ते एका दिवसात सोडलं आणि पुन्हा नाव काढलं नाही. आणि मी वीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते आहे, मूत्रपिंडातल्या नलिकेचं चित्र फळ्यावर शेकडो वेळा काढलं आहे. त्याच मी त्यांच्या घरातल्या मिठाच्या बरणीत पोटॅश ओतू दिलं. त्यांनी नाव वाचून दाखवलं, तरी मला ते ऐकू आलं नाही.

नंतर हिशोब केला. दिवसाला आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं आणि त्यातला चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराईड असला, तर साधारण एक ग्रॅम पोटॅशियम होतं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे ज्या माणसानं केळं सोडलं होतं, त्याला मी रोज अडीच केळी खाऊ घालत होते.

जूनमध्ये मृगबागेची लागवड चालू होती आणि मी सुट्टी काढून घरी आले होते. आप्पा दिवसभर बांधावर उभे. ऊन फार म्हणून कुणीतरी त्यांना दोन शहाळी सोलून दिली. आमच्याकडे आजाऱ्याला, थकल्याला शहाळंच देतात, त्यात देणाऱ्याचं काही चुकलं नाही. पण एका शहाळ्यात पाऊण ग्रॅम पोटॅशियम सहज निघतं. संध्याकाळी ते ओसरीवर बसले ते उठेनात. "पाय उचलत नाहीत," म्हणाले. चेहऱ्यावर दुखण्याचं चिन्ह नव्हतं, आवाज नेहमीसारखा होता, फक्त मांड्यांना ताकद नव्हती. मी नाडी पाहिली. मिनिटाला अठ्ठेचाळीस. तेव्हा, त्या एका क्षणात, मला बरणी आठवली.

जळगावला पोचेपर्यंत दीड तास गेला. ईसीजीचा कागद यंत्रातून बाहेर येत होता तेव्हाच मला दिसलं. टी नावाची लाट, जी एरवी बुटक्या टेकडीसारखी असते, ती उंच आणि टोकदार झाली होती, तंबूच्या खांबावर कापड ताणावं तशी. रक्ताचा रिपोर्ट नंतर आला. पोटॅशियम ६.९. निरोगी माणसाचं ३.५ ते ५ मध्ये असतं.

या आकड्याची भीती का वाटावी ते सांगायला हवं. माणसाच्या अंगात एकूण १४० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, अदपावाहून थोडं जास्त. त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत. पेशींबाहेरच्या सगळ्या पाण्यात, रक्त धरून, मिळून सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. आतलं प्रमाण बाहेरच्याच्या तीस-पस्तीस पट. या तफावतीवर प्रत्येक मज्जातंतूचा, प्रत्येक स्नायूचा, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा विद्युतदाब उभा आहे. बाहेरचं थोडंसं वाढलं तरी तो दाब ढासळतो. आणि दोन शहाळ्यांतलं दीड ग्रॅम त्या बाहेरच्या सव्वादोन ग्रॅमच्या शेजारी ठेवून पाहिलं, की रोजच्या जेवणातून आपण जिवंत कसे उठतो याचंच नवल वाटतं.

उठतो ते एका एन्झाइममुळे. मराठी पाठ्यपुस्तकं त्याला विकर म्हणतात. मला एन्झाइम शब्द जवळचा आहे. सोडियम-पोटॅशियम एटीपीएज. प्रत्येक पेशीच्या आवरणात रुतलेला हा पंप एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये खेकड्यांच्या पायांतल्या नसांत शोधला. स्कौ मूळचे शस्त्रक्रियेकडचे डॉक्टर. भूल देणारी औषधं नसांवर कशी काम करतात हा त्यांचा प्रश्न होता. नसांच्या आवरणातलं एक एन्झाइम एटीपी फोडतं हे त्यांच्या लक्षात आलं, पण ते धड चालेना. सोडियम घालून नाही, पोटॅशियम घालूनही नाही. दोन्ही एकत्र असले की मात्र ते झपाट्यानं काम करू लागे. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत, याच पंपाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट पोस्ट यांनी त्यांना विचारलं, वाबेननं ते बंद पडतं का? वाबेन म्हणजे आफ्रिकेत बाणांना लावायचं विष. ते पेशींचा पंप थांबवतं हे माहीत होतं. तपासलं, बंद पडलं. हेच ते यंत्र, अशी खात्री पटली. स्कौ यांना नोबेल मात्र १९९७ ला मिळालं, चाळीस वर्षांनी.

वाबेनचं भावंड आमच्या शाळेच्या कुंपणाला होतं. पिवळी कण्हेर. तिच्या बिट्ट्या आम्ही मधल्या सुट्टीत खेळायला वापरायचो आणि बाई ओरडायच्या, तोंडात घालू नका. त्या बीमधलं विष नेमकं याच पंपाला जाऊन चिकटतं. पंप थांबला की पेशींत जायचं पोटॅशियम रक्तात साचत जातं. बाईंना एटीपीएज माहीत असायचं कारण नव्हतं. कुंपणाकडे जाताना मला अजून त्यांचा आवाज आठवतो.

त्या रात्री आप्पांना आधी कॅल्शियम दिलं, शिरेतून, सावकाश. त्यानं पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयाला काही वेळ सावरून धरता येतं. मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. मग दम्याच्या रोग्याला देतात त्या औषधाची वाफ. मधुमेह नसलेल्यालाही अशा वेळी इन्सुलिन देतात, कारण इन्सुलिन या पंपाला गती देतं आणि रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसून पडद्यावरची लाट बघत होते. अर्ध्या तासात तिचं टोक बोथट व्हायला लागलं. मी फळ्यावर काढलेले ते बाण, तीन बाहेर, दोन आत, माझ्या वडिलांच्या मांड्यांच्या स्नायूंत त्या घडीला चालले होते. आजवर मी ते परीक्षेत पाच गुणांसाठी विचारत आले होते.

पण हे तात्पुरतं. आत ढकललेलं पोटॅशियम अंगातच असतं, ते शेवटी बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचंच. सुदैवानं डायलिसिसची वेळ आली नाही. लघवी वाढवणारं औषध, जेवणात बदल आणि काही दिवसांसाठी बंद केलेली रक्तदाबाची एक गोळी, एवढ्यावर आकडा चौथ्या दिवशी ५.२ वर आला. ती गोळी खरं तर त्यांची मूत्रपिंडं जपण्यासाठीच होती. पण ती अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाचा जोर कमी करते, आणि पोटॅशियम बाहेर काढायला अल्डोस्टेरॉन लागतं.

तिसऱ्या दिवशी आप्पा उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "आता नीट सांग. पोटॅश झाडाला चांगलं, माणसाला वाईट, असं कसं?"

मी चित्र काढायला कागद घेतला, मग बाजूला ठेवला. माझा आजोळचा गाव पाटाच्या पाण्यावरचा. आप्पांनी तिथली भांडणं लग्नाआधीपासून पाहिली होती. मी विचारलं, "पाटाच्या तोंडाशी ज्यांची शेतं आहेत त्यांनी दारं मोठी केली, तर शेपटाला पाणी जातं का?"

"नाही जात. कुऱ्हाडी निघतात."

"तसंच आहे हे."

मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत घेतात. लघवी होते दीड-दोन लिटर. गाळलेल्या पाण्यातलं बहुतेक सोडियम आणि बहुतेक पोटॅशियम नलिकेच्या पहिल्या भागांतच परत रक्तात जातं. त्या दोघांचा खरा हिशोब होतो शेवटच्या तुकड्यात. त्या तुकड्याच्या तोंडाशी एनसीसी नावाचं दार आहे. सोडियम आणि क्लोराईड हातात हात घालून तिथून आत येतात. एक धन, एक ऋण, त्यामुळे विजेचा हिशोब तिथल्या तिथे मिटतो. शेपटाला दुसरं दार आहे, तिथून सोडियम एकटं आत शिरतं. एकटं धन आत गेलं की नलिकेच्या पोकळीत ऋणभार उरतो, आणि तो भरून काढायला पेशीतलं पोटॅशियम शेजारच्या दारातून पोकळीत ओढलं जातं. लघवीतून जाणारं पोटॅशियम मुख्यतः हे. म्हणजे शेपटाला सोडियम पोचलं तरच पोटॅशियम बाहेर पडतं. तोंडाशीच सोडियम अडवलं तर पोटॅशियम अंगात राहतं.

"आणि पाटकरी कोण? दारं उघडतं-मिटतं कोण?" आप्पांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून मला फार बरं वाटलं, कारण याचंच उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं लागली आहेत. पाटकरी म्हणजे डब्ल्यूएनके नावाची एन्झाइमं. ही कायनेज जातीची, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा टिळा लावून कामाला लावणारी. २००० साली सापडली. नावाचा अर्थ लायसीन हे अमिनो आम्ल नसलेलं, कारण या जातीच्या इतर एन्झाइमांत ज्या ठरावीक जागी लायसीन असतं, तिथे हिच्यात ते नाही. जीवरसायनात लायसीनचं अक्षर के, पोटॅशियमची खूणही के. निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातल्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटानं दाखवलं, की काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या रक्तदाबही जास्त आणि पोटॅशियमही जास्त असतं, त्याचं मूळ याच एन्झाइमांच्या जनुकांतल्या बिघाडात आहे. तिथे पाटकऱ्याचा ताल सुटलेला, तोंडाचं दार सताड उघडं.

आता पाटकऱ्याला कळतं कसं, की रक्तात पोटॅशियम किती आहे? तोंडाच्या त्या पेशींना रक्ताच्या बाजूनं पोटॅशियमच्या खिडक्या आहेत. रक्तातलं पोटॅशियम घटलं की पेशीतलं जास्त निसटतं आणि पेशीचं पोट आतून अधिक ऋण होतं. क्लोराईड स्वतः ऋण, त्याला ते सोसत नाही, तेही बाहेर पडतं. हे क्लोराईडच एरवी डब्ल्यूएनकेला चिकटून तिला झोपवून ठेवत असतं. ते हललं की ती जागी होते, स्पॅक नावाच्या दुसऱ्या कायनेजला उठवते, आणि ती एनसीसीच्या दाराला फॉस्फेट लावते. दार उघडतं, सोडियम तोंडाशीच अडतं, शेपटाला कमी जातं, पोटॅशियम वाचतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हेच सगळं उलट. उंदरांना पोटॅशियम पाजलं तर अर्ध्या तासाच्या आत त्या दाराचं फॉस्फेट उतरलेलं दिसतं. त्याच वेळी मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीलाही वाढलेलं पोटॅशियम थेट कळतं, ती अल्डोस्टेरॉन सोडते, आणि शेपटाची दारं आणि पंप वाढतात. वरून सोडियम सोडलं, खाली दारं मोठी केली, पोटॅशियम वाहून गेलं.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पोटॅश कमी पडलं, तर तो मीठ धरून ठेवतो."

हेच ते. मी तासाला चार चित्रं काढून जे सांगते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पोटॅशियमची टंचाई आली की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, आणि मीठ धरलं की रक्तदाब चढतो. माणूस हजारो पिढ्या कंदमुळं, फळं, पालेभाज्या खात आला. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम जेमतेम. ही यंत्रणा घडली त्या ताटावर. आज आपलं ताट उलटं झालं आहे, लोणचं, पापड, फरसाण, पाकिटातलं खाणं. रक्तदाबाबद्दल बोलताना आपण फक्त जास्त मिठाला दोष देतो. माझं मत असं, की कमी पोटॅशियम हा त्यातला अर्धा, न बोललेला भाग आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, हे पुष्कळांना माहीत असतं. तीच संघटना पोटॅशियम निदान साडेतीन ग्रॅम घ्यायला सांगते, हे मी शिकवायला लागेपर्यंत मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळपास २१,००० माणसांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. निम्म्या खेड्यांत लोकांना पाऊण हिस्सा साधं मीठ आणि पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराईड असं मिश्रण दिलं. सुमारे पाच वर्षांत त्यांच्यातलं पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. ते वाचून मी वर्गात आनंदानं सांगितलं होतं, की स्वयंपाकघरातली एक बरणी बदलून एवढं होऊ शकतं. त्या चाचणीत गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना घेतलंच नव्हतं, हेही मी सांगितलं होतं. वर्गात सांगितलं होतं.

आईचं पोटॅशियम त्याच आठवड्यात कळलं. तिच्या पोटऱ्यांत रात्री गोळे यायचे, ती वयाचं दुखणं समजून कुणाला सांगत नसे. आप्पांचं रक्त काढायला आलेल्या मुलाला मी म्हटलं, हिचंही घे. ३.१ आलं. एका खाटेवर जास्त, शेजारच्या खुर्चीवर कमी. पन्नास वर्षं एका चुलीवरचं खाल्लेली दोन माणसं.

तिची रक्तदाबाची गोळी थायझाइड जातीच्या कुळातली. १९५० च्या दशकाच्या शेवटी आलेली ही औषधं आजही स्वस्त आणि उत्तम आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. ती काम करतात नेमकी त्या तोंडाच्या दारावर, एनसीसीवर. गंमत अशी, की औषध आधी आलं आणि दार नंतर सापडलं. १९९३ मध्ये हेरार्दो गाम्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लाउंडर नावाच्या चपट्या माशाच्या मूत्राशयातून त्याचं जनुक वेगळं केलं. पंप खेकड्यानं दाखवला आणि दार माशानं. गोळी दार बंद करते, सोडियम शेपटाला लोटतं, ते लघवीतून जातं, रक्तदाब उतरतो. पण शेपटाला लोटलेलं सोडियम पोटॅशियमलाही ओढून नेतं. आणि पोटॅशियम उतरलं की पाटकरी जागा होतो. गोळी जे दार बंद करू पाहते, कमी पोटॅशियम तेच उघडायचा हुकूम सोडतं. आईचा रक्तदाब गोळीनं का उतरत नव्हता, याचं एक कारण तिच्या रक्तातच होतं.

बरं, पोटॅशियम कमी पडलं की सगळं अंग एकसारखं वागतं असंही नाही. मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळीत एक वेगळा पंप वाढतो, तो आम्ल बाहेर टाकून पोटॅशियमचा कण न कण परत वेचतो. जठरात आम्ल तयार करणाऱ्या पंपाचा तो चुलत भाऊ. स्नायूंत मात्र उलट, तिथले सोडियम-पोटॅशियम पंप कमी होत जातात. पोटॅशियम आत ओढणंच मंदावतं, स्नायू आपला साठा रक्ताला देऊन टाकतात, म्हणजे हृदयाला कमी पडायला नको. मी हे आप्पांना सांगत होते तेव्हा ते मध्येच म्हणाले, "जुन्या पानातून काढून पोग्याला देतं."

केळीचं अगदी असंच आहे. पालाश, म्हणजे खतातलं पोटॅशियम, कमी पडलं की आधी जुनी, खालची पानं कडेनं पिवळी पडून करपतात. वरचा कोवळा पोगा हिरवागार असतो. झाड जुन्यातलं काढून नव्याला पुरवतं. निसवणीच्या सुमाराला पालाश कमी पडलं तर घड भरत नाही, फणी बारीक राहते. हे शेतकऱ्याला पानाच्या कडेवरून कळतं. आईच्या पोटऱ्या म्हणजे तिची जुनी पानं.

पालाश हा शब्द मला अक्षरं यायच्या आधीपासून येतो. नत्र, स्फुरद, पालाश, खताच्या गोणीवरचे तीन आकडे याच क्रमानं. पोटॅश म्हणजे मुळात भांड्यातली राख; लाकडाची राख पाण्यात कालवून, गाळून, ते पाणी लोखंडी भांड्यात आटवायचे. १८०७ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि चांदीसारखे थेंब निघाले, त्यांतले काही निघताच पेटणारे. पोटॅशियमचं लॅटिन नाव कॅलियम, ज्याचा तो के, हा शब्दही राखेवरूनच, अरबीतून आलेला. माझी आजी चुलीतल्या राखेनं भांडी घासायची आणि उरलेली राख परसातल्या केळीच्या बुडाशी टाकायची. केळीला राख मानवते, म्हणायची.

आई केळं का खात नव्हती, ते मला दवाखान्यातून परतल्यावर कळलं. आप्पांचं बंद झालं त्या दिवसापासून तिनंही सोडलं होतं. तीन वर्षं. सांगितलं नाही कुणाला. एकादशीला आम्ही फोनवर विचारायचो, काय खाल्लंस, तर ती साबुदाणा म्हणायची. देवापुढचं केळं गड्याच्या पोरांना जायचं. "ते बघत बसणार अन्‌ मी खाणार का?" एवढंच तिचं उत्तर. माझ्या सगळ्या आकृत्यांत हे कारण कुठेच नव्हतं. गोळी होती, दार होतं, पाटकरी होता. नवऱ्यानं सोडलं म्हणून सोडलेलं केळं नव्हतं. आप्पा ते ऐकून काही बोलले नाहीत. उठून बागेत गेले.

आता घरात स्वयंपाक वेगळा होतो. भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकायचं, म्हणजे पोटॅशियम बरंचसं निघून जातं. हे आईला फार जड जातं. भाजीचं पाणी टाकणं म्हणजे सत्त्व टाकणं, अशी तिची शिकवण. पहिले काही दिवस ती ते पातेलं हातात धरून मोरीपाशी नुसती उभी राहायची. मग तिनं स्वतःच तोड काढली. उकळल्याशिवायचा वाटा आधी स्वतःपुरता काढून ठेवते. आमटी अळणी करते, दोन वाट्यांत ओतते, आणि मग ज्याच्या त्याच्या मिठानं खारट करते. आप्पांचं साधं मीठ, मोजून. तिचं ते पुण्याचं, डॉक्टरांना विचारून चालू ठेवलेलं. सप्टेंबरात दोघांचे रिपोर्ट बरोबर आले. आप्पा ४.९, आई ३.९. तिचे गोळे थांबले आहेत आणि रक्तदाब उतरला आहे. आप्पांचं क्रिएटिनिन आहे तिथेच आहे. ते परत खाली येणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

तो रिपोर्ट आला त्या दिवशी मी घरी होते. आप्पा बागेतून आले ते झाडावर पिकलेली एक फणी घेऊन. ती त्यांनी आईच्या पुढ्यात ठेवली. "खा," म्हणाले, "माझ्यासमोर खा." आईनं एक केळं सोललं, अर्धं मोडलं, सवयीनं अर्धं त्यांच्याकडे धरलं आणि हात मागे घेतला. मग दोन्ही अर्धे तिनंच खाल्ले. आप्पा समोर बसून होते.

ओट्यावर मिठाच्या दोन बरण्या आहेत, एकसारख्या. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवायचं म्हणत होते. ते काम आप्पांनी आधीच केलं होतं. स्वतःच्या बरणीवर त्यांनी काही लिहिलं नाही. आईच्या बरणीवर पांढरी पट्टी लावून, खतांच्या वहीत लिहितात त्याच ठसठशीत आकड्यांत लिहिलं आहे, ०:०:६०.